सांगणाऱ्याचं नाव

अप्पा, तुमची वंशावळ मी पुन्हा लिहायला घेतली आहे, आणि खरं सांगायचं तर आता दमले आहे. डोळे दुखतात. ज्यांना विचारायचं ती माणसं एकेक करून गेली. कागद उलगडला की पहिल्या नावापासून अडखळायला होतं. हे नाव तुम्हांला कुणी सांगितलं, कधी सांगितलं, सांगणारा त्या माणसाचा कोण लागत होता, यातलं काहीच तुम्ही लिहून ठेवलं नाही. नावं आहेत, रेघा आहेत आणि खाली कोपऱ्यात तुमची सही आहे. ती सही बघून लोक गप्प होतात, आणि मला मात्र पुढं जाता येत नाही.

ती सत्तरच्या दशकातली वर्षं आठवतात. दुष्काळ नुकता सरलेला. तुम्ही सोलापुरात गिरणीच्या ऑफिसात कारकून, मी बी.ए. होऊन नोकरीची वाट बघत घरात. सुट्टी आली की सकाळच्या पॅसेंजरनं आपण केमला उतरायचो आणि तिथून गावाकडं जाणारी गाडी मिळाली तर गाडीनं, नाहीतर चालत. तुमचे चुलते ओसरीत खाटेवर बसलेले असतात, भोवती भावकीतली चार माणसं. एक जण नाव सांगतो, दुसरा त्याला दुरुस्त करतो, आतून चुलीपुढची म्हातारी ओरडून सांगते की तसं नव्हतंच मुळी. तुम्ही हसत हसत सगळ्यांचं ऐकता आणि शेवटी ठरेल तेवढंच उतरवून घेता. एकदा मी मध्येच विचारलं, "आजोबा, हे तुम्ही बघितलंय, का ऐकलंय?" मग आजोबा माझ्याकडं न बघता तुम्हांला म्हणाले, "पोरीला लई शिकवलंस की."

परतताना केमच्या फलाटावर तुम्ही मला बोललात. आवाज चढवला नाहीत, तुमची ती रीतच नव्हती. "म्हाताऱ्या माणसाची उलटतपासणी घेतेस? तू काय वकील आहेस?" मी म्हटलं, "अप्पा, नुसतं कंसात लिहा ना, अमक्यानं सांगितलं म्हणून. पुढं कुणाला लागलं तर कळेल." तुम्ही म्हणालात, "आपल्याच माणसांनी सांगितलंय. त्यांच्या शब्दाला मी खाली साक्षीदार लावू? त्यांना काय वाटेल?" गाडी येईपर्यंत तुम्ही रुळांकडं बघत उभे राहिलात. मला तेव्हा राग आला होता. तुम्हांला त्या माणसांची अब्रू जपायची होती, हे कळायला मला फार वेळ लागला.

माझ्या लग्नात तुम्ही त्या वंशावळीची एक प्रत मला दिलीत. गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसातून काढून आणलेली, नकाशांच्या नकला काढतात तसली अमोनिया प्रिंट, एवढी थोरली, गुंडाळी करून दोऱ्यानं बांधलेली. सासरी पोचेपर्यंत ट्रंकेतल्या साड्यांना तो उग्र वास लागला होता. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. दादाच्या घरी त्याची प्रत काचेत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कौतुकानं दाखवतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या वर्षी अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी माझ्या दारात आली, सुनेचा हात धरून. मी त्यांना स्वयंपाकघरातच बसवलं, कारण पंखा तिथंच चालू होता. मराठी बोलत होत्या, मध्येच सुनेशी कानडी. म्हणाल्या, "आमची आई तुमच्या घरची लेक हाय बगा. तुमच्या अप्पांची सख्खी आत्या." तुमच्या कागदावर त्या आत्याच्या नावाखाली तुम्ही लिहिलं आहे, लहानपणी वारली. मी तसं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. "लहानपनी लगीन झालं तिचं. नवरा पटकीत गेला. मग मोटी झाल्यावर तिनं आमच्या बापासंगं पाट लावला. तवापासनं मायेरात ती मेलीच म्हन की." मग त्या पुढं म्हणाल्या, "तिचा भाऊ डावरा होता म्हनं. डाव्या हातानं पाटीवर लिवलं की मार खायचा. हे आईकडनं ऐकलेलं हाय, मी बघितलेलं न्हाय."

तुमचे वडील, आमचे सख्खे आजोबा, डावरे होते. तुम्हीच आम्हांला सांगायचात. कुठल्या कागदावर ते नाही. माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. पण लगेच मनात आलं, ही गोष्ट गावात कुणाकडूनही कळू शकते. बघा, कसला स्वभाव झालाय माझा. त्यांना काही नको होतं, अप्पा. गावच्या घरातल्या देवीची आईच्या वतीनं एकदा ओटी भरायची, एवढंच.

गावच्या घराची किल्ली दादाकडं असते. त्याला सांगितलं तर तो कागदाच्या काचेवर बोट ठेवून उभा राहिला. "अप्पांनी लिहिलंय ते खोटं?"

"खोटं म्हणत नाही मी. त्यांना कुणी सांगितलं, तेवढं कळू दे म्हणते."

"आता कुणाला विचारणार? आज ओटी म्हणतील, उद्या सातबाऱ्यावर नाव लावा म्हणतील."

"त्या तशा वाटत नाहीत रे."

"पुरावा आण," तो म्हणाला. "मग मीच दार उघडतो."

म्हणून मी फिरले. एस.टी.नं, गुडघे सांभाळत. गावात तुमच्या चुलत्यांची सून तेवढी उरली आहे, ऐकायला कमी येतं. ती म्हणाली, "लई भनी हुत्या म्हनं त्यांना. कोन मेली, कोन ऱ्हायली, मला काय ठावं? मी नंतरची." करमाळ्याच्या कचेरीत जन्ममृत्यूची जुनी बाडं काढून घेतली. मोडीत होती, वाचून घ्यावी लागली. माझ्या पणजोबांच्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या घरची एक नोंद निघाली: मुलगी, ताप. नाव नाही. ती तुमची आत्या असेल, किंवा तिची एखादी बहीण, जिचं नाव तुमच्यापर्यंत आलंच नाही. तिथल्या बाकावर बसून मी किती तरी वेळ तुमच्यावर चिडले. "लहानपणी वारली" हा शेरा तुम्ही मी बरोबर नसतानाच्या एखाद्या फेरीत घेतला असणार. "काकांनी सांगितलं" एवढं लिहिलं असतंत, तर मला कळलं असतं की ही घराण्याची लाज झाकणाऱ्याची गोष्ट आहे. "शेजारणीनं सांगितलं" असतं, तर ती वेगळी. कुणाचंच नाव नाही म्हणून तो शेरा थेट तुमचा झाला, आणि तुमच्याशी वाद घालायला दादा तयार नाही.

आता मी प्रत्येक नावाखाली सगळं लिहिते. कुणी सांगितलं, नातं काय, गाव, तारीख, कुठलं बाड, कितवं पान, मी स्वतः वाचलं की दुसऱ्यानं वाचून दाखवलं. जिथं काहीच सापडत नाही तिथं "अप्पांच्या वंशावळीवरून, अप्पांना कोणी सांगितलं ते माहीत नाही" असं लिहिते. हे वाक्य इतक्यांदा लिहावं लागतं की हात जड होतो. तुमच्या आत्यापाशी मी दोन्ही लिहिलं आहे, तुमचं आणि त्या म्हातारीचं. ठरवलं काहीच नाही. मला ठरवता येत नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या सुनेचा फोन आला. सासूबाई गेल्या. ओटी राहिलीच. दादाला कळवलं तर तो म्हणाला, "वाईट झालं." मग त्यानं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

हे टपालात पडायचं नाही, मला माहीत आहे. तरी एक सांगते, ते कुठल्याच नावाखाली मी लिहिलेलं नाही. फोन ठेवला आणि मी सरळ मोरीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा ह्यांनी विचारलं, "काय गं, कोण गेलं?" मी म्हटलं, "माझी आत्या."

कोणती, असं त्यांनी विचारू नये, एवढंच त्या क्षणी मला वाटत होतं. त्यांनी विचारलं नाही.