दोन बोटंच खाली

मंगळवार, संध्याकाळ

शिवाजी पेठेतला गॅरेजवाला आज मलाच शिकवायला लागला. "ताई, कॉइलओव्हर सस्पेन्शन घालायचं तर गाडी रस्त्याला टेकवायची. न्हायतर घालूच नका."

का म्हणून? मला गाडी वळणावर झुलायला नको, एवढंच. या स्प्रिंगांनी गाडीची उंची कमीजास्त करता येते म्हणून तर हा सेट निवडला. दोन बोटं खाली, बास. रोज सकाळी गोठ्यावरनं दुधाची किटली याच डिकीतून येते आणि ती वाट सगळी दगडाची.

तर हसला. "असल्या गाडीत दूध?"

व्हय, दूध. म्हटलं, "टेकवा मग. उद्या बिनझाकणाची भरली किटली मांडीवर घेऊन शेजारी बसा. गोठ्यापासनं मी चालवते."

जास्त बोलले का? बोलले असेन.

पान्हा उचलून म्हणाला, "दोन बोटंच करतो की."