एका चावीत सुरू होणारी गाडी

बाळा,

तू पळायला गेलास आणि फोन इथेच चार्जिंगला राहिला, म्हणून लिहितेय. बाबांच्या छातीत कळ आली. भाजीवाल्याच्या टेम्पोत आडवं करून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेतेय. तुझ्या दोन सीटच्या गाडीत कुठे निजवणार होते त्यांना?

ती जुनी स्पोर्ट्स कार घेऊ नकोस, रोज रस्त्यात बंद पडेल, असं गॅरेजवाला कानीकपाळी ओरडून सांगत होता. आणि तू जगाला सांगत फिरतोस, लोक उगाच नावं ठेवतात, माझी तर एका चावीत सुरू होते. होईल नाही तर काय. तू सकाळी पळून परत यायच्या आत बाबा रोज तिला उतारावर ढकलून सुरू करतात, गरम करून जागेवर आणून लावतात. तुझा हिरमोड नको म्हणून. मलाही गप्प बसवलं होतं.

आजही ढकलली. ती सुरू झाली, यांनी हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवरच कोसळले. अजून डोळे उघडलेले नाहीत.

दार ओढून घे. गाडी उताराखाली तशीच चालू आहे, तिच्यातूनच ये. वाटेत बंद मात्र करू नकोस. धक्का द्यायला आता कुणी नाही.

आई