बोंबील तुम्हीच तळा

अहो,

तळलेले वाल पितळी डब्यात आहेत. सुके बोंबील भिजवून मसाला लावून ठेवलेत. साहेब बिअर घेऊन बसल्यावरच तळा, आधी तळलेत तर चिवट होतील.

गेल्या शनिवारी मी पडद्याआडून बशा देत होते. साहेब म्हणाले, "काय चव आहे हो! वहिनींनी केलेत का?" तुम्ही हसलात, "छे, तिला कुठलं जमतंय! स्वयंपाकाला गावची बाई ठेवलीय."

मी कळंबला आईकडे जाते. साहेबांनी विचारलं नाही, तरी आज तुम्हीच होऊन खरं सांगा. सांगितलंत, तरच मला न्यायला या. आईला मी सगळं सांगणार आहे, तेव्हा तिच्यापुढे थापा चालायच्या नाहीत.

— जयवंता