कुलूप न लागलेली मेमरी

३ मार्च, जळगाव

माझ्या हाताखालच्या पियुषचा कोड तपासत होते. एका ओळीवर थांबले.

आमच्या एनक्रिप्टेड व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी संगणकाची, मेमरी कुलूपबंद. सर्व्हर चालवणाऱ्यालाही आतलं दिसत नाही. पण डिस्कला, नेटवर्क कार्डाला कुलूपबंद मेमरी वापरता येत नाही. म्हणून कर्नल, म्हणजे मशीनचा गाभ्यातला प्रोग्राम, त्यांच्यासाठी मेमरीचे थोडे तुकडे उघडे करतो. काम झालं की पुन्हा कुलूप लावून मोकळ्या मेमरीच्या साठ्यात टाकतो. आणि कुलूप लागलंच नाही तर? तो तुकडा कायमचा सोडून द्यायचा. पियुषने तसाच साठ्यात टाकलाय! पुढे त्यावर कुणाचंही काहीही लिहिलं जाईल — उघड्यावर.

"मेमरी वाया घालवू? मयुरीताई, घेतलेलं परत करा म्हणून पहिल्या दिवसापासून तुम्हीच ओरडता!"

खरं आहे. आम्हा सगळ्यांच्या अंगात तेच मुरलंय.

४ मार्च

झोप नाही.

हा कोड महिनाभर धुळ्याच्या महिला आधारगृहाच्या मशीनवर चालू आहे. मोनाली, माझी धाकटी बहीण, तिथेच नवऱ्यापासून लपून राहते. बायकांचे पत्ते त्या मशीनमध्ये. मशीन इथल्या एका सर्व्हर कंपनीत — आणि मोनालीचा नवरा त्याच कंपनीत कामाला! 'असू दे, त्याला आत दिसणार नाही,' असं मीच म्हणाले होते.

"कुलूप न लागणं लाखात एकदा होतं, ताई," पियुष म्हणतो. आपोआप, हो. पण कुलूप सर्व्हरच्या संमतीनेच लागतं; सर्व्हरवाल्याने मुद्दाम नकार दिला तर?

५ मार्च

करून पाहिलं. बाहेरून नकार दिला, आणि माझा चाचणीचा खोटा पत्ता बाहेरून अख्खा वाचता आला. दुरुस्ती एका ओळीची, पण आधारगृहाच्या मशीनवर ती उद्या संध्याकाळीच चढेल.

आधारगृह चालवणाऱ्या सुनंदाबाईंना फोन केला. "काय व्हयनं वं माय?" काय झालं हे त्यांना कसं समजावू! "बायकांना आजच दुसरीकडे हलवा," एवढंच म्हटलं.

"बरं. लई जास बठ्ठ्यासले." सगळ्यांना घेऊन जाते म्हणाल्या.

६ मार्च, दुपार

मोनालीचा फोन. हसत होती — "ताई, सकाळी तो आधारगृहाच्या जुन्या घरी आला होता! रिकामं घर बघून गेला."

दुरुस्ती चढायला अजून काही तास होते. नवा पत्ता कुणाला दिलाय, विचारलं.

"कुणालाच नाही गं. रात्री सुनंदाबाईंनी तुझ्या मशीनमध्ये भरला, तेवढाच."