सांचाखात्यात मी धुडकूदादा झालो

बमरोली, सुरत
मंगळवार

तीर्थस्वरूप धुडकूदादांच्या पायांवर लहान भाऊ मगन याचं डोकं. (या खेपेला ते जरा जास्त वेळ तिथेच राहील, कारण पुढे कळेल.) वहिनींचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? पारोळ्याकडे थंडी पडली असेल, कानाला बांधत जा. इकडे सर्व खुशाल, म्हणजे तुमची भावजय पुष्पा आणि सूनबाई खुशाल. फोन का केला नाही, असं विचाराल. केला होता. तुमचं "हां, बोल मगन" ऐकलं आणि ठेवून दिला. रेंजचा दोष नव्हता.

झालं असं, की आपली मिल, जिच्या आवारात बाभळी माजल्या होत्या, ती कोणीतरी घेतली आणि झाडूनपुसून तिचा फिरायचा मोहल्ला केला. आत गाडी न्यायची नाही, सगळ्यांनी पायी हिंडायचं. (आपण जन्मभर शिफ्टला पायी गेलो, कोणी कौतुक केलं नाही.) रंगखात्यात चित्रं टांगली आहेत, गोदामात मातीची भांडी विकतात आणि तुमच्या सांचाखात्यात, जिथे माग धडधडायचे, चक्क खाणावळ आहे; मधोमध एक सांचा तेल लावून नवरदेवासारखा उभा केलाय. रविवारी वृषाली सूनबाई म्हणाली, पप्पा, तुमची मिल दाखवा ना. आता तिला काय ठाऊक, की 'तुमची मिल' म्हणजे माझ्या बाबतीत फाटकाबाहेरचा सायकल स्टँड! सगळी नोकरी मी त्या पत्र्याखाली काढली. सांच्यांचा आवाज ऐकला, सांच्याला बोट लावलं नाही. आणि मिलचं सगळं जपून ठेवणाऱ्यांनी स्टँड तेवढा पाडून टाकलाय, दादा. मनाला लागलं.

बहुतेक त्याच तिरीमिरीत मी सांच्यावर हात ठेवून उभा राहिलो. पाहुण्यांचा घोळका घेऊन एक मुलगी आली. तिने विचारलं, "काका, तमे अहीं काम करता हता?" मी हो म्हणालो. (मिलमध्ये काम केलं, इथपर्यंत खरं आहे.) कुठल्या खात्यात, असं तिने विचारलं, तर सगळ्यांचे मोबाइल माझ्याकडे वळलेले, वृषाली कौतुकाने बघतेय, मी म्हणालो, सांचाखात्यात. मग तोंड थांबेना. तुमच्या शेजारच्या सांच्यावरच्या चिंध्याचा गमछा पट्ट्यात अडकला, मान खेचली गेली, सगळे ओरडत राहिले आणि तुम्ही हात घालून त्याला सोडवलंत, बोटाचं पेर गमावलंत, ती सगळी हकीकत मी सांगितली. फक्त 'तुम्ही'च्या जागी 'मी' घातलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, कोणतं बोट? मी पटकन उजव्या हाताचं दुमडलं. (तुमचं डाव्या हाताचं ना? आता आठवतंय.)

दुमडलेलं बोट सोडायची सोय राहिली नाही. तशाच हाताने खिचडी खायला बसलो, निम्मी सदऱ्यावर. पुष्पा सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "काबर हात आखडी लिधा? वात भरना का?" (माझी गोष्ट चालली होती तेव्हा ती मातीची भांडी बघत होती, असं मला वाटलं होतं.) इतकं असतं तरी मी पचवलं असतं. पण स्वयंपाकघरातून पांढरी टोपी घातलेला एक माणूस बाहेर आला, चाळिशीतला, पोट सुटलेला, आणि माझ्या पायांवर पडला. म्हणाला, "काका, मी किरण. चिंधाचा मुलगा. बापू जाईपर्यंत तुमचंच नाव घेत होते. तुम्ही धुडकूकाका ना?"

दादा, तेव्हा नाही म्हणायला एक श्वास पुरला असता. तो रडत होता. मी हो म्हणालो, आणि आखडलेला हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तो हात तेव्हापासून मला माझा वाटत नाही. चिंध्या दर दिवाळीला स्टँडवर येऊन मला मिठाई द्यायचा, तुमचा भाऊ म्हणून. त्याच्या पोराला मी असं केलं. तुम्ही पुढ्यात असता तर थोबाडीत मागून घेतली असती.

तुमचा नालायक भाऊ,
मगन

ता. क. : खरं काम राहिलंच. येत्या रविवारी किरण त्याच्या म्हाताऱ्या आईला घेऊन आमच्या घरी धुडकूकाकाच्या पाया पडायला येणार आहे. तुम्ही अमळनेरहून शनिवारची गाडी धरून याच. खुर्चीवर तुम्ही बसा. मी कोण, ते मी स्वतः सांगेन; फक्त तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघू नका.

आणखी ता. क. (बुधवार) : पाकीट चिकटवत होतो तर पुष्पा म्हणाली, राहू द्या. तिने त्याच दिवशी, तो पाया पडून आत गेल्यावर, मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन किरणला सांगितलं होतं, की हे मगन, स्टँडवाले. धुडकूदादा पारोळ्याकडे असतात. त्यावर तो म्हणाला, काकू, काकांना आधी जेवू द्या. आणि तिच्याकडून तुमच्या गावाचं नाव विचारून घेतलं. आज सकाळी आईला घेऊन तो गाडीत बसला, स्टेशनवरून पुष्पाला त्याचा फोन आला होता. म्हणजे हे पत्र मिळेल तेव्हा ती दोघं तुमच्याकडे येऊन गेलेली असतील. किरण माझ्याबद्दल काय म्हणाला, ते मला कळवू नका. काहीच म्हणाला नसेल, तर तेवढं मात्र जरूर कळवा.