फोनुआची नखं

मंगळवार, १४ नोव्हेंबर

काढलं! नाश्त्याच्या रांगेत उभा होतो, ताटलीत अंड्यांचा ढीग. मागून कुणीतरी खांद्यावर बोट टेकवलं. ऑफिसातला तो गुळगुळीत माणूस. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही, पण तो दिसला की सगळे आपापल्या ताटात बघायला लागतात. "कोचनी बोलावलंय. टॅब्लेट घेऊन ये." टॅब्लेटमध्ये आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे सगळे डाव असतात. तो परत मागितला की समजून जायचं.

फोनुआ पार्किंगपर्यंत आला, माझी बॅग त्यानेच उचलली. दीड वर्ष रोज सरावात हा माझ्यासमोर. तो हल्ल्याच्या रांगेत, मी बचावाच्या. एकमेकांवर रेड्यासारखं आदळायचं आणि मग त्याच्या घरी जाऊन जेवायचं. मेले नावाची त्याची बायको अळूच्या पानांत मटण शिजवते, टोंगा बेटांकडची पद्धत. "म्हाताऱ्या, फोन वाजेल," म्हणाला. "तुझा वाजतोच."

बुधवार, १५ नोव्हेंबर

वाजला. माझा आठवा संघ. विमानतळाजवळचं हॉटेल — खिडकी उघडत नाही.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

भूक नाही तरी खातोय. वजन उतरलं की हे लोक लगेच तोंड वाकडं करतात. गुडघ्यात पाणी भरलंय, पण डॉक्टरांना सांगणार कोण? सांगितलं की नाव गेलं.

बायकोचा, लट्रीसचा फोन. आमच्या मोबील गावात तिच्या मामाच्या शाळेत पोरांना फुटबॉल शिकवायची जागा आहे. "मामा किती दिवस धरून ठेवेल? बत्तीस झाली तुला. लेकीला वाटतं तू टीव्हीत राहतोस — आणि टीव्हीतही दिसत नाहीस!"

बरोबर आहे तिचं. मला घरी जायचंय. आणि घरी जायची भीतीही वाटते. समोरच्याला ढकलण्यापलीकडे मला काय येतं? इथे राहवत नाही, तिथे जाववत नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

पूर्ण सामना बाकावर. पुढचा सामना कुणाशी, ते आज लक्षात आलं — माझ्या जुन्या संघाशी! शेजारी बसलेला बूकर हसायला लागला. "तुला काय वाटलं, खेळायला आणलंय? बोलायला आणलंय बाबा तुला."

मंगळवार, २१ नोव्हेंबर

बोललो. बचावाच्या रांगेचे कोच रुझिका यांनी खोलीत बसवून घेतलं. तिकडचे इशारे, तिकडच्या हाका, सगळं सांगितलं. त्यांनी जांभई दिली. "माणूस गेला की हे सगळं बदलतात ते. आम्हीही बदलतो. कुठल्या माणसाबद्दल काही ठाऊक आहे? नसेल तर उद्या तुझ्या जागेसाठी एक जण चाचणीला येतोय. तुझ्याहून सहा वर्षांनी लहान."

एक गोष्ट आहे. कुणालाच सांगितलेली नाही. फोनुआ हातमोजे घालत नाही. डाव सुरू व्हायच्या आधी वाकून एक हात जमिनीला टेकतो. चेंडू घेऊन पळायचा डाव असला की सगळं वजन हातावर येतं आणि नखं पांढरी पडतात. चेंडू फेकायचा असला की नखं गुलाबीच. ऑगस्टमध्ये लक्षात आलं माझ्या. त्या आठवड्यात सरावात त्याला तीनदा उलथवला. कोच लोक उठून उभे राहिले होते! त्यावरच तर मी त्या संघात टिकलो.

हे रुझिकांना सांगितलं तर फोनुआची कारकीर्द धोक्यात. नाही सांगितलं तर माझी संपलीच. कोचना म्हणालो, आठवून बघतो.

बुधवार, २२ नोव्हेंबर

सांगितलं.

रुझिका फिल्म लावून बसले. "मला तर काही दिसत नाही." म्हटलं, "कोच, कॅमेरा स्टेडियमच्या माथ्यावर. त्याला नखं कशी दिसणार? मी हातभर अंतरावरून बघितलीयत." त्यांनी फिल्म बंद केली. मग त्या नव्या माणसाला जेवूखाऊ घालून परत पाठवलं.

रविवारी मी सुरुवातीपासून मैदानात! दोन वर्षांत पहिल्यांदा! फोनुआची लाज वाटतेय. आनंद जास्त होतोय. खोटं कशाला लिहू?

गुरुवार, २३ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. रुझिकांकडे सगळ्या रांगेचं जेवण, दोन टर्की. बूकरने माझ्यासमोर नखं नाचवली. "बघ रे, पळणार की फेकणार?" सगळे हसले, मीही हसलो. फोनुआचा फोन आला. उचलला नाही. सणासुदीला न चुकता करतो तो.

लट्रीस म्हणाली, "रविवारी खेळणार म्हणतोस आणि आवाज असा का मेल्यासारखा?" म्हटलं, जास्त खाल्लं.

रविवार, २६ नोव्हेंबर

पहिलाच डाव. नखं पांढरी. मी "पळणार!" ओरडलो. सगळी रांग आत घुसली आणि चेंडू डोक्यावरून गेला. दुसरा डाव, नखं पांढरी, ते पळाले. पुढे पांढरी, फेकला. पुन्हा पांढरी! बदलतच नव्हती. मला वाटलं, बदलतील, आत्ता बदलतील. नखं बघता बघता मी उठायलाच उशीर करत होतो आणि फोनुआ मला गादीसारखा गुंडाळून बाजूला टाकत होता. बूकर भर मैदानात किंचाळला, "कसली नखं रे तुझी!" फोनुआने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मध्यंतराआधीच मला बाहेर काढलं. रुझिकांनी माझ्या जागी दुसऱ्याला पाठवलं, माझ्याकडे बघितलंही नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवार, २७ नोव्हेंबर

सकाळी काढलं. दुपारी फोनुआचा फोन आला. या वेळी उचलला.

"नखं मी फक्त तुला दाखवायचो रे, म्हाताऱ्या. सरावापुरती. ऑगस्टमध्ये तुला काढणार असं कानावर आलं होतं. मेले म्हणाली, काहीतरी कर त्याच्यासाठी."

रागावलेला नव्हता. मी विचारलं, "एकदा तरी मी तुला खरंच पाडलं का रे?"

 तो म्हणाला, "जेवायला ये."