द्रावण क्रमांक सात

३ सप्टेंबर १९९६. पिपरी मेघे.
हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये माझ्या कारखान्यातले नायलॉनचे बुश दाखवले, यंत्राचा दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या. कवडू मिस्त्रीनं हातोडीनं चार फोडले. म्हणाला, साहेब, पितळेचेच बरे. बरं. पितळेचे दिवस भरले म्हणायचे. बी.एस्सी. केमिस्ट्री मी उगाच केलं नाही. नायलॉनच्या रेणूंमध्येच बदल घडवतो. शोभाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, गॅस संपून राह्यला.

५ सप्टेंबर
सासरे नत्थूजी आंजीहून आले. कारखाना सोडा अन् माह्या दुकानात बसा, म्हणाले. तोंडावर सांगितलं, दसऱ्याच्या आत जिनिंगची ऑर्डर आणली नाही तर जन्मभर तुमच्या किराण्यात बसेन. घाबरतो काय.

११ सप्टेंबर
तुरटी, सोडा, एरंडेल. सहा द्रावणं झाली, सहाही फेल. दोष हवेचा.

१४ सप्टेंबर. सकाळी.
द्रावण क्र. ७. यात तेजाब, म्हणजे ॲसिड. डेगची शोभाची, लग्नातली. शोभाला त्यात चार तास बुश उकळायला सांगून वर्ध्याला निघालो.

सायं. ६
यश. हातोडी उसळून परत येते, बुश हलत नाही. शोभा काहीतरी सांगत होती. म्हटलं, आता नको, पेटंटचा विचार चालू आहे.

१५ सप्टेंबर
कवडूच्यानं एकही बुश फुटला नाही. काय केलं जी, विचारत होता. गुपित आहे म्हटलं. जिनिंगचे शेठ म्हणाले, दसऱ्याआधी दोनशे आणा, पास झाले तर ऑर्डर पक्की. शोभा पुन्हा काही सांगायला आली. डेगचीचं असेल. नवी घेऊन देईन.

१२ ऑक्टोबर
दोनशे बुश स्वतः उकळले. तेजाब दुप्पट टाकलं. दुप्पट औषध, दुप्पट गुण. शोभानं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

१८ ऑक्टोबर. हिंगणघाट.
शोभा हट्टानं सोबत आली. कवडूनं हातोडी उचललीच नाही. बोटानं दाबलं तर बुशचा खाऱ्या बिस्किटासारखा भुगा. मी तेजाबाच्या कंपनीला दोष देत होतो, तेवढ्यात शोभा सगळ्यांसमोर बोलली. तुमचं सात नंबरचं पाणी म्या तवाच नालीत फेकलं होतं, डोळे चुरचुरून राह्यले होते. ते पहिले बुश साध्या पाण्यात उकळले. कवडूनं लगेच माझ्या पिशवीतला एक कच्चा, न उकळलेला बुश चहाच्या पातेल्यात टाकला. चार तास सगळे बसून राहिले. मग हातोडी मारली. नाही फुटला.
शेठ म्हणाले, मंग उकळाचं काम आपल्या इथंच होते. बुश नागपूरहून मागवू.
परतताना बसमध्ये शोभापासून दोन सीट पुढे जाऊन बसलो. फार लागलं.

२२ ऑक्टोबर. आंजी, किराणा दुकान.
हार मानलेली नाही. पाणी हेही एक रसायनच. शोध माझ्याच घरात, माझ्याच गॅसवर लागला. इथल्या गोळ्यांच्या बरण्यांची झाकणं ठिसूळ आहेत, त्यावर द्रावण क्र. ८ सुचलं आहे. नत्थूजी आत्ताच म्हणाले, जवाईबापू, लिवणं झालं असन तर चहाचं आंधण ठेवा. शोभा म्हणते, आता तुमाले पाणी उकळता येते.
ठेवलं.